विदर्भातून थरच्या वाळवंटाकडे : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आमच्या वरोरा तालुक्यातील शेतकरी कुटुंबांचे लहान गट घेऊन मी आजवर तीन वेळा राजस्थानातील थरच्या वाळवंटात जाऊन आलो आहे. जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी लोकांनी विचारले की वाळूशिवाय तिथे पाहायचे काय, आणि परतल्यावर त्याच लोकांच्या बोलण्यात वाळूपेक्षा पाण्याचाच विषय अधिक निघाला. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे हजार मिलिमीटर पडूनही एप्रिल लागताच टँकरची वाट पाहावी लागते. इतक्या थोड्या पावसावर तेथे किल्ले, शहरे आणि गव्हाची शेते कशी उभी राहिली, हे डोळ्यांपुढे ठेवून प्रवास आखला तर प्रत्येक स्थळाचा अर्थ लागत जातो, असा माझा अनुभव आहे. पुढील मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे.

पहिली पायरी : महिना ठरविणे

वाळवंट पाहण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे, आणि नेमकी तीच आपल्या शेतीच्या धावपळीची वेळ असते. सोयाबीन घरात आले तरी कापसाची वेचणी चालू असते, त्यामागून तूर येते. तीनही खेपांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, तुरीची सोंगणी आटोपल्यावर आणि हरभरा काढणीस येण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जे दहा-बारा दिवस मोकळे मिळतात तेच आपल्यासाठी योग्य आहेत. माघ पौर्णिमेच्या आधीचे तीन-चार दिवस जैसलमेरला मरु महोत्सव भरतो. लोकगीते, उंटांच्या शर्यती आणि पगडी बांधण्याच्या स्पर्धा पाहायच्या असतील तर तो काळ साधावा, मात्र त्या दिवसांत खोल्या महाग होतात आणि किल्ल्याच्या गल्ल्यांतून चालणे कठीण होते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर पौर्णिमा उलटल्यावर जाणे बरे.

आम्ही चंद्रपूरचे, आम्हाला उन्हाचे काय, असे म्हणून कोणी मे महिन्यात जाऊ नये. आपल्याकडे ४६ अंशांतही कडुलिंबाची सावली सापडते, तेथे पाहण्याची बहुतेक ठिकाणे उघड्या माळावर आहेत. हिवाळ्यातील थंडीलाही कमी लेखू नये. वाळू दिवसा जितकी लवकर तापते तितकीच सूर्य बुडाल्यावर लवकर निवते, आणि रात्री उघड्यावरचा गारवा हाडांपर्यंत पोचतो. कानटोपी, जाड स्वेटर आणि प्रत्येकी एक चादर सोबत असलीच पाहिजे. हवा अतिशय कोरडी असल्यामुळे ओठ व टाचा दोन दिवसांत फुटू लागतात. त्यासाठी खोबरेल तेलाची लहान बाटली पुरते.

दुसरी पायरी : मार्ग आणि दिवसांची आखणी

आपल्या भागातून जाण्यासाठी प्रवासाचे तीन टप्पे करावेत. वर्धा, बडनेरा किंवा अकोला येथून भुसावळ-सुरतमार्गे अहमदाबाद, तेथून जोधपूर आणि जोधपूरहून जैसलमेर. वरोरा, हिंगणघाटकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावे की आपल्या मार्गावरील गाड्या सेवाग्रामला थांबतात आणि मुंबईच्या दिशेची गाडी वर्धा स्थानकावरून मिळते, त्यामुळे दोन्ही गाड्यांत निदान तीन तासांचे अंतर ठेवावे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. दहा-बारा जणांना एकाच डब्यात जागा हवी असेल तर त्या पहिल्या दिवसांतच तिकिटे काढून ठेवावीत. जोधपूर ते जैसलमेर हा टप्पा रात्रीच्या गाडीने केल्यास एका मुक्कामाचा खर्च वाचतो आणि सकाळी किल्ला समोर दिसतो.

एकूण नऊ ते दहा दिवस हाताशी असावेत. त्यांतले जाण्यायेण्याचे चार दिवस वगळता जोधपूरला दीड-दोन आणि जैसलमेरला चार दिवस द्यावेत.

तिसरी पायरी : जोधपूरला शमीची ओळख

जोधपूरचा मेहरानगड १४५९ मध्ये राव जोधा यांनी बांधावयास घेतला. खडकाच्या कड्यावरून सरळ वर गेलेल्या त्याच्या भिंती पाहताना मान दुखून येते. आतील संग्रहालय उत्तम राखलेले आहे आणि त्यासाठी अर्धा दिवस लागतो. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले राव जोधा मरु शिला उद्यान मात्र बरेच प्रवासी चुकवतात, आणि मला ते चुकवणे अयोग्य वाटते. सुमारे ७० हेक्टरच्या या खडकाळ जागेला वेड्या बाभळीने ग्रासले होते. २००६ पासून दगडफोड्या कारागिरांच्या मदतीने खडक फोडून तिची मुळे काढण्यात आली आणि त्या जागी वाळवंटातील मूळच्या वनस्पती लावण्यात आल्या. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, वेडी बाभूळ तोडून थकलेल्या शेतकऱ्याला हे काम किती चिकाटीचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

जोधपूरपासून सुमारे २६ किलोमीटरवर खेजडली हे गाव आहे. १७३० मध्ये दरबाराच्या माणसांनी चुन्याच्या भट्टीसाठी खेजडीची झाडे तोडावयास घेतली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. तेथे स्मारक आहे, झाडी आहे, आणि फारशी गर्दी नसते. खेजडी म्हणजे आपली शमी, जिला आपल्याकडे सौंदडही म्हणतात आणि दसऱ्याला जिची पूजा होते, तेच झाड. वाळवंटात त्याचा पाला शेळ्या-उंटांना चारा होतो, शेंगांची भाजी होते, आणि ते शेतात उभे असले तरी पिकाला बाधत नाही म्हणून शेतकरी ते तोडत नाही. पुढील सारा प्रवास हे झाड खिडकीतून दिसत राहील, म्हणून त्याची ओळख येथेच करून घ्यावी.

गटात शेतीची आवड असणारे अधिक असतील तर जोधपूरमधील केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेला, जिला सारे काझरी म्हणून ओळखतात, आधी पत्र पाठवून भेट ठरवता येते.

चौथी पायरी : जैसलमेरचा किल्ला आणि त्याची तहान

रावल जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे. सकाळी तो फिका दिसतो आणि संध्याकाळी मधासारखा होतो, म्हणून त्याला सोनार किल्ला म्हणतात. ९९ बुरुजांच्या या किल्ल्यात आजही हजारो लोक राहतात, घराघरांतून फोडणीचे वास येतात आणि दारात गाई बसलेल्या असतात. २०१३ मध्ये राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल हे चार दरवाजे ओलांडून वर जाताना चढाच्या वळणावर क्षणभर थांबून वर पाहावे. तटाच्या कडेने गोल दगड रचून ठेवलेले दिसतात, ते शत्रूवर लोटण्यासाठी असत. आतील जैन मंदिरे बारीक कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहेत. ती जैनेतर दर्शनार्थींसाठी ठराविक वेळेतच उघडी असल्यामुळे सकाळीच आटोपावीत आणि चामड्याचा पट्टा किंवा पाकीट घेऊन आत जाऊ नये.

मुक्काम किल्ल्यात करावा की बाहेर, हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. माझे उत्तर ठाम आहे की मुक्काम बाहेर करावा. किल्ला बांधला गेला तेव्हा पाणी डोक्यावर वाहून वर नेले जात होते आणि ते जपून वापरले जाई. नळ आले, खोल्या वाढल्या, न्हाणीघरे वाढली, आणि ते सारे पाणी टेकडीच्या पोटातील मातीच्या थरांत झिरपू लागले. त्यामुळे पाया खचून काही बुरूज व भिंती ढासळल्या आहेत. साडेआठशे वर्षे उभा असलेला किल्ला आपल्या आंघोळीच्या पाण्याने खिळखिळा होऊ नये. खाली गावात खोलीच्या गच्चीवरून किल्ला अधिक चांगला दिसतो, हाही लाभ आहे.

पूर्वी ज्या तळ्यातून पाणी वर जाई ते गडीसर किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चौदाव्या शतकात रावल गडसी यांच्या काळात ते घडवले गेले आणि आजूबाजूच्या माळावरचे पावसाचे पाणी त्यात आणले गेले. सूर्योदयाला तेथे जावे. वऱ्हाड-झाडीपट्टीपेक्षा तेथे उजाडायला अर्ध्या तासाहून अधिक उशीर लागतो, त्यामुळे आपल्या सवयीने पाचला उठलेल्या माणसाला चहा घेऊनही सहज पोचता येते. घाटावरच्या छत्र्या (घुमटाचे मंडप), पाणपक्षी आणि मागे हळूहळू उजळणारा किल्ला असे ते दृश्य असते.

गावातील हवेल्यांपैकी पटवांची हवेली, खरे तर ओळीने बांधलेल्या पाच हवेल्या, आतून अवश्य पाहावी. नथमलची हवेली बाहेरून पाहिली तरी पुरते, कारण तिचा उजवा व डावा भाग हाथी आणि लालू या दोन भावांनी वेगवेगळा कोरला असे सांगतात, आणि दोन्ही बाजूंतील बारीकसारीक फरक शोधण्यात मुले रमतात. शहराच्या उत्तरेस सहा किलोमीटरवरील बडा बाग येथे राजघराण्याच्या स्मारक-छत्र्या आहेत. बाळापूरला मिर्झा राजा जयसिंगांची छत्री ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही घडण लगेच ओळखू येईल.

पाचवी पायरी : कुलधरा आणि खडीन

जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे ओसाड गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावे दिवाण सालिम सिंहाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत उठून गेली अशी कथा सांगतात. अभ्यासक पाणी आटणे, करांचा बोजा आणि भूकंप अशीही कारणे मांडतात. वाहनचालक भुतांच्या गोष्टी सांगून रंगत आणतात, परंतु त्या ऐकण्यात वेळ घालवण्याऐवजी घरांची रचना पाहावी. सरळ रस्ते, जोते, अंगण, गाडी ठेवण्याची जागा अशा खुणांवरून नांदते, सधन गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पाण्याविना ते सधन झाले नव्हते, आणि ते पाणी त्यांनी कसे मिळवले हे कुलधरा-खाबा परिसरातील खडीन पाहिल्यावर कळते.

खडीन ही पालीवालांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ केलेली शेतीची रीत आहे. खडकाळ उताराच्या पायथ्याशी, जेथे जमीन सखल होते तेथे, मातीचा लांब बांध घालतात आणि जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा ठेवतात. पावसाळ्यात उतारावरून वाहून आलेले पाणी गाळासह बांधामागे साठते, महिनोन्‌महिने मुरते, आणि हिवाळ्याच्या तोंडावर ते ओसरले की त्याच ओल्या तळात गहू व हरभरा पेरतात. वरून एकही पाणी द्यावे लागत नाही. पाणी वाहत येणारा उतार शेताच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि म्हणूनच २०० मिलिमीटरहून कमी पावसावर गहू उभा राहतो.

दुसऱ्या खेपेला माझे नागभीडकडचे मामाजी बरोबर होते. बांधावर उभे राहिल्यावर एका बाजूला करडा, निष्प्राण माळ आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा हिरवा गहू दिसत होता. मामाजी खाली उतरले, धन्याची परवानगी घेऊन धुऱ्याच्या कडेला बसले आणि काडीने जमीन उकरू लागले. वरची चार बोटे माती भुकटीसारखी होती. वीतभर खोल गेल्यावर काळसर, थंड, चिकट माती लागली. तिचा त्यांनी मुठीत गोळा केला, तो फुटला नाही. "हे तं आपल्या बोडीवानीच हाये," ते म्हणाले, आणि मग तो शेतकरी व मामाजी, एक मारवाडी-हिंदीत आणि दुसरे झाडीच्या हिंदीत, तासभर सांडव्याच्या उंचीवर बोलत राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी समाजाने तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या त्या खालच्या धानाला पाणी देण्यासाठी. येथे पीक तळाच्या पोटातच घेतात, एवढा दोन्हींत भेद आहे. ओसरणाऱ्या तलावात गाळपेर करणाऱ्यांना मात्र ही रीत अगदी जवळची वाटेल. वाहनचालकाला आधीच सांगावे लागते की आम्हाला खडीन पाहायचे आहे, कारण ते नेहमीच्या यादीत नसते. पिकात पाय घालू नये आणि बांधावरून रांगेने चालावे.

सहावी पायरी : वाळूचे डोंगर

थरचा बराच भाग खडकाळ माळ, झुडपे आणि सेवण गवताचा आहे. वाळूचे उंच, सरकते टेंभे, म्हणजे टेकड्या, थोड्याच ठिकाणी आहेत. सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि खुडी नैऋत्येस साधारण तेवढ्याच अंतरावर. समचे टेंभे मोठे आहेत, पण तंबूंची रांग, जीपगाड्यांचा धुरळा आणि रात्री कर्कश संगीत यांमुळे वाळवंटाची शांतता तेथे मिळत नाही. रात्रीचा मुक्काम करायचाच असेल तर मी खुडी सुचवेन, आणि दिवसा कुलधऱ्याला जोडून सम पाहून यावे.

पहिल्या खेपेला आम्ही फोनवरून एका तंबूनिवासाचे पैसे भरले. पोचल्यावर उंट वेगळा, जीप वेगळी, शेकोटी वेगळी असे सांगून जवळपास दुप्पट रक्कम घेण्यात आली, आणि अंधारात बायकामुलांना घेऊन दुसरीकडे जाणे शक्य नसल्याने ती द्यावी लागली. तेव्हापासून आम्ही काय काय समाविष्ट आहे हे संदेशात लिहून मागतो आणि होकार आल्यावरच आगाऊ रक्कम देतो. वाहनाचेही तसेच करावे. संपूर्ण दिवसाचे, संपूर्ण गाडीचे आणि ठिकाणांची नावे घेऊनच भाडे ठरवावे.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. उठताना आणि बसताना, दोन्ही वेळी अंग मागे झुकवून खोगीर घट्ट धरावे. लहान मुलाला एकट्याने बसवू नये. टेंभ्यावर चढताना चपला काढून कडेच्या टणक वाळूवरून चालल्यास पाय कमी रुततात. सकाळी वारा सुटण्यापूर्वी गेल्यास किडे, सरडे, उंदीर यांच्या रात्रीच्या पावलांची नक्षी जशीच्या तशी सापडते, आणि माझ्या मते सूर्यास्तापेक्षाही ती पाहण्यासारखी आहे.

सातवी पायरी : माळढोक, दगड झालेली झाडे आणि सीमा

सम-खुडीच्या पट्ट्यातच ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरु राष्ट्रीय उद्यान आहे. येथील गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी, म्हणजे आपला माळढोक. वरोरा-भद्रावतीच्या माळरानांवर तो पाहिल्याचे आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात. देशात आता तो दीडशेहूनही कमी उरला असल्याचे मानले जाते, आणि विजेच्या उच्चदाब तारांना धडकून मरणे हे त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आहे. वनविभागाची परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्यासह, पहाटे सुदासरीच्या बाजूला जावे. तो दिसेलच याची शाश्वती नसते. दिसल्यास गाडीतून उतरू नये आणि जवळ जाण्याचा आग्रह धरू नये.

बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. सिरोंचाजवळचे वडधम जीवाश्म उद्यान ज्यांनी पाहिले आहे त्यांना विषय परिचित असेल. येथे तासभर पुरतो. तुकडा उचलून खिशात घालण्याचा मोह टाळावा.

पाकिस्तानच्या सीमेजवळच्या तनोट आणि लोंगेवालासाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. जैसलमेरहून रामगढमार्गे तनोट सुमारे १२० किलोमीटर आहे; परतताना लोंगेवालावरून पुन्हा रामगढला येता येते. तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते, आणि युद्धातील न फुटलेले तोफगोळे तेथे ठेवलेले आहेत. लोंगेवाला येथे ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या तुकडीने पाकिस्तानी रणगाड्यांना पहाटेपर्यंत रोखून धरले आणि उजाडताच हवाई दलाने ते टिपले. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, रामगढला इंधन भरून घ्यावे आणि सीमेलगतच्या भागात परवानगीशिवाय जाऊ नये. याच वाटेवर इंदिरा गांधी कालव्याचे पाणी दिसते. पंजाबातील हरिके येथून शेकडो किलोमीटर वाहत आलेल्या त्या पाण्याच्या कडेला हिरवी शेते आहेत, आणि पलीकडे लगेच वाळू.

बिकानेरचा जुनागढ किल्ला आणि जोरबीडचे राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र ही दोन्ही ठिकाणे चांगली आहेत, परंतु त्यांसाठी आणखी दोन दिवस लागतात. पहिल्या प्रवासात ती घुसडू नयेत.

आठवी पायरी : खाणेपिणे आणि परतीची पिशवी

गाडीतील दोन दिवसांसाठी दशम्या, तिळाची चटणी आणि ठेचा घरून न्यावा. तेथे शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. बाटी म्हणजे आपल्या रोडग्यांची बहीण. गोवऱ्यांवर भाजलेली असेल तर आधी विचारून तीच मागावी. पाणी गाळलेले किंवा बाटलीबंद प्यावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे, कारण कोरड्या थंडीत घाम जाणवत नाही. क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत.

परतताना दुकानदार चादरी, चामड्याच्या मोजड्या आणि दगडी मूर्ती पुढे करतील. त्या हौसेने घ्याव्यात, पण बाजारातून पावशेर वाळलेली सांगरी आणि थोडे केर (वाळवंटी झुडपाची लहान फळे) अवश्य आणावेत. सांगरी म्हणजे त्याच शमीच्या कोवळ्या शेंगा. दोन्ही निवडून रात्रभर ताकाच्या पाण्यात भिजत घालावेत, सकाळी ते पाणी टाकून मऊ होईतो उकडावेत आणि सुक्या मिरच्या, धणे व आमचूर घालून भरपूर तेलात परतावेत. ही भाजी दोन दिवस टिकते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर चांगली लागते.